सातवा प्रश्न

४ फेब्रुवारी
लेकीने आज माझे सगळे प्रश्न तांबड्या पेनने खोडले. तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तशाच खोडल्या — फिटंफाट.

तिचं ऑफिस म्हणजे आमचीच पुढची खोली. उद्याचं गिऱ्हाईक कसं असेल ते धंदेवाल्यांना आधी कळावं, म्हणून ती प्रश्नावल्या बनवते. सध्याचं काम घंटेवाल्या कंपनीचं. एकट्या म्हाताऱ्यांनी गळ्यात घंटा अडकवायची, पडलं-झडलं की बटण दाबायचं, कंपनीचा माणूस येतो. पण म्हातारे फॉर्मच भरीनात. म्हणून मला धरलं. "बाबा, तुमच्या वयाच्या माणसांना कसं विचारायचं ते तुम्हीच सांगा."

तिचे नियम — एका प्रश्नात एकच गोष्ट. 'का' विचारायचं नाही, माणूस बचावाला उभा राहतो. मत नको, गेल्या आठवड्यात काय घडलं ते विचारा.

आणि मी जन्मभर विचारत आलो, कवीला येथे काय म्हणायचे आहे?

५ फेब्रुवारी
दुपारी पडल्या पडल्या एक सुचला. "गेल्या आठवड्यात तुम्हाला नावाने हाक कोणी मारली?"

लेकीने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "हा सातवा घालू. आधी सोपे सहा जाऊ देत."

दिवसभर हवेत होतो. शाळेत बाकावर ताल धरून ज्या कविता म्हणायचो, त्यांतली एखादी ओळ आपल्या हातून उतरल्यासारखं वाटलं.

१६ फेब्रुवारी
फॉर्म आले. सहा प्रश्नांना टीचभर उत्तरं. सातव्याला लोकांनी समास भरून लिहिलंय. "पेपरवाला आजोबा म्हणतो, ते धरायचं का?" एकाने लिहिलंय, "बायको गेल्यापासून कोणी नाही. माझं नाव मीच विसरेन एखाद दिवशी." पुढचे वाचवेनात.

१८ फेब्रुवारी
कंपनीचा विक्रेता आला. टाय, चकचकीत बूट, तोंडभर हसू.

"मास्तर, सातवा प्रश्न म्हणजे लॉटरी लागली. ज्यांनी 'कोणी नाही' लिहिलंय त्यांच्याकडे पहिलं जायचं. गप्पा मारता मारता तीनदा नावाने हाक मारली, की सही. एका शिंप्याने तर दोन घंटा घेतल्या. म्हणतो, दोन्ही दाबल्या तर तुम्हीच याल ना?"

तो हसत राहिला. मी चहा तसाच ठेवून उठलो.

लेकीला म्हटलं, सातवा काढून टाक. म्हणाली, "बाबा, घंटा काही वाईट नाहीये. आणि हे काम गेलं तर दुसरं हातात नाही." खोटं बोलत नाही ती. सातवा तसाच राहिला.

१९ फेब्रुवारी
लिहावंसं वाटत नाही.

२१ फेब्रुवारी
विक्रेता आज पुन्हा आला होता. जाता जाता म्हणाला, "बागेमागच्या गल्लीतलेही फॉर्म आलेत. शनिवारी गठ्ठा उचलतो."

बागेमागे वहिनी राहते. दादा गेल्यापासून एकटी. चालत सात मिनिटं — आणि मी दीड वर्षात गेलेलो नाही. दादाशिवाय ते घर बघवत नाही, हे आपलं स्वतःला सांगायला. खरं म्हणजे उद्या जाऊ, परवा जाऊ.

ती काय लिहिणार? 'कोणी नाही.' दुसरं काय लिहिणार! मग तो टायवाला तिच्यासमोर बसून तिला नावाने हाका मारणार. माझ्या प्रश्नाच्या जिवावर.

तिचा फॉर्म काढून घ्यायचा आणि फाडायचा.

२२ फेब्रुवारी
लेक बाहेर गेल्यावर गठ्ठा सोडला. एकशे चाळीस फॉर्म. पाऊल वाजलं की गठ्ठ्यावर पेपर ओढत होतो. या वयात चोरी!

सापडला. वहिनीचंच किरटं, उजवीकडे कललेलं अक्षर. सातव्यापुढे लिहिलंय —

"माझे दीर. रोज संध्याकाळी येतात. वहिनीच म्हणतात, पण मला ते माझं नावच वाटतं."

तीनदा वाचलं. माझी लाज राखली तिने. तीही परक्यांच्या कागदावर.

फाडायची गरज उरली नाही. असं लिहिणाऱ्याच्या दारी विक्रेता फिरकत नाही. लेक विक्रेत्यासाठी दोन गठ्ठे लावते, त्यांतल्या 'जाऊ नये' या गठ्ठ्यात फॉर्म सरकवला आणि लेक येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.

उद्या जायचं. उद्या म्हणजे उद्याच.

२३ फेब्रुवारी
संध्याकाळी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. माफी कशी मागायची ते वाटभर जुळवत होतो.

वहिनीने मान वर करून पाहिलं. जराही नवल नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे चहाचा कप आधीच भरून ठेवलेला. म्हणाली, "आज उशीर केलात, भाऊजी. बसा. काल कविता अर्ध्यावर सोडून उठलात, तिथून म्हणा."

कुठली, ते विचारायचा धीर झाला नाही.