समुद्रावर थांबवलेल्या विमानाची व्यवस्था

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला गृहस्थ, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही भिडेला वा दडपणाला बळी न पडता माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे. छातीबद्दल मात्र ते काही बोलत नाहीत, आणि मीही खोदून विचारत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. ती समुद्रापार नोकरीला असते. घर विकायचे तर तिने खुशाल विकावे. फक्त मागच्या खोलीतला संगणक, खाली लिहिलेले काम होईपर्यंत, कोणीही बंद करू नये. विजेच्या बिलावरून कुरकुर करणाऱ्यांनी ती माझ्या हयातीत भरपूर केलेली आहे.

२. हत्यारांची पेटी आमच्या इमारतीची लिफ्ट सांभाळणाऱ्या मेकॅनिकला द्यावी. तिच्यातला मोठा स्क्रूड्रायव्हर शेजारच्या शिंप्याने कधीकाळी दोन मिनिटांसाठी नेला आहे. तो त्यालाच देऊन टाकावा असे मनात होते, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाले. तेव्हा त्याने तो निमूटपणे परत आणावा.

३. आता मागच्या खोलीबद्दल. निवृत्तीनंतर मी तिथे संगणकावर विमान उडवू लागलो. पडद्यावर आकाश, टेबलाला सुकाणू, डावीकडे माझी खुर्ची, उजवीकडे मेव्हण्याची. मेव्हणा म्हणजे माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. औषधांचे दुकान सांभाळून दर रविवारी तो सहवैमानिक व्हायला येई. लोकांना वाटे, दोन म्हातारे खेळत बसतात. खरे तर उडवण्यापेक्षा माझा जीव इंधनाच्या हिशेबात असे. अंतर किती, वारा समोरून की मागून, माणसे आणि सामान किती वजनाचे, हे बघून वाटेपुरते इंधन काढायचे. त्यात ठरल्या जागी उतरता आले नाही तर दुसरीकडे जाण्यापुरते मिळवायचे, आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरते. याहून जास्त नाही. जास्तीचे इंधन हेही वजनच, आणि ते वाहून न्यायला पुन्हा इंधन जळते. जन्मभर लिफ्टमध्ये 'इतकीच माणसे' अशी पाटी ठोकत आलेल्याला हे वेगळे समजवावे लागत नाही.

मेव्हण्याला हे कधी पटले नाही. "दाजी, घ्या की थोडं जास्तीचं, कुठे बिल येणार आहे?" असे त्याचे दर रविवारचे पालुपद. या खेळात इंधन कधीच संपू नये अशी एक सोय असते. स्वतःच्या घरी तो ती चालू करून उडवतो हे कळल्यावर मी त्याच्याशी महिनाभर धड बोललो नव्हतो.

प्रवाशांच्या रकान्यात मी नेहमी पत्नीचे वजन धरत असे. ती बसायची स्वयंपाकघरातच, पण "आज कुठे नेताय मला?" एवढे विचारून घ्यायची. वजन विचारले की पाच किलो कमी सांगे, आणि मी ते गुपचूप परत चढवी. पुढे आजारपणात ती पार वाळली. तो आकडा मात्र मी खाली आणला नाही. मला तो आणवला नाही.

४. शेवटी शेवटी तिला मुलीकडे जायचे होते. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला होता आणि मुलीला रजा मिळता मिळत नव्हती. पत्नी मला म्हणाली, "मग तुमच्या त्या विमानानं न्या." आम्ही तिची खाट मागच्या खोलीत आणली. या खेपेला तरी जास्तीचे इंधन घ्या म्हणून मेव्हण्याने हात जोडले. मी नियमाप्रमाणेच भरले. मुलगी फोनवर मधून मधून विचारत होती, "कुठवर आलात?"

समुद्रावर पाऊण वाट झाली आणि समोरचा वारा अंदाजापेक्षा फारच वाढला. मी खेळातले थांबवायचे बटण दाबून विमान होते तिथे थांबवले आणि पत्नीला म्हटले, "जरा थांब, हिशेब करून सांगतो." ती "बरं" म्हणाली. मी आकडे मांडत होतो, तेवढ्यात ती गेली.

मेव्हणा खाटेपाशी होता. "ताईला पोचवलंही नाहीत तुम्ही, दाजी," इतकेच म्हणाला. पुढचे सगळे त्यानेच उरकले, आणि त्यानंतर या घरात पाऊल टाकले नाही. माझा आकडा बरोबर होता हे मी आजही म्हणतो. वारा काय माझ्या ओळखीचा होता? पण हे ऐकायला तो येत नाही, आणि दुसऱ्या कोणाला सांगण्यात अर्थ नाही.

तेव्हापासून विमान समुद्रावर थांबलेले आहे. संगणक रोज विचारतो, आता बंद करून पुन्हा सुरू करू का, आणि मी रोज 'नंतर' दाबतो. उड्डाण जतन करून ठेवता येते हे मला ठाऊक आहे, कोणी शिकवू नये. वेग उतरवून, उंची बदलून, मागे वळून, सगळे हिशेब करून झाले. पुढे पुरत नाही, मागे पुरत नाही. वजन कमी करावे म्हटले तर विमानात आम्हा दोघांखेरीज ती एकटीच आहे. ती न संपणाऱ्या इंधनाची सोय चालू करायला मी कितीदा तरी हात पुढे केला. हात तिथवर जातो आणि थांबतो. माझ्याने ते होत नाही.

५. म्हणून दोन्ही खुर्च्या, संगणक आणि ते उड्डाण मी मेव्हण्याला देत आहे.

बाबा रे, एवढे कलम तुझ्यासाठी. तू येशील की नाही हे मला माहीत नाही, आणि समजूत काढायला मी असणार नाही. आलास तर डाव्या खुर्चीत बस. ती सोय चालू कर. कुठे असते ते तुला सांगायला नको. ताईचे वजन आहे तसे राहू दे. त्याच्याखाली माझे लिही, मी आता प्रवासी. ताजा आकडा डॉक्टरांकडे आहे. इंधन संपणारच नसेल तर वजन कशाला, असे म्हणशील, तरी लिही.

सावकाश उतरव, तिला हादरा बसू देऊ नकोस. उतरलात की माझ्या मुलीला फोन लाव. त्या दिवशी आई गेल्याचे आम्ही तिला सांगितले, पण कुठवर आलात, याचे उत्तर तिला कोणी दिलेच नाही. ते तू दे.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार: आमचे डॉक्टर (समक्ष तपासले, वजन नोंदवून दिले)

साक्षीदार: शेजारचा शिंपी (स्क्रूड्रायव्हर आजच परत केला)

ठिकाण: मागची खोली, उजवी खुर्ची रिकामी

दिनांक: आजचा, रविवार