सत्काराला जाण्याआधी

अहो,

मी लाटंबार्शाला बहिणीकडे काजू वेचायला जातेय. फोन करू नका, उचलणार नाही.

संध्याकाळी देवळात तुमचा सत्कार आहे, ठाऊक आहे मला. म्हणूनच आज जातेय. रिटायर झालात नि सेवेला म्हणून केनियाला गेलात. तिथल्या मिशनात पहाटे उठून म्हाताऱ्यांना पेज भरवता, त्यांची अंथरुणं धुता, हे दर रविवारी फोनवरून अख्ख्या वाड्याला ऐकवता. आता चार दिवस घरी आलात, नि परवा तुमच्या आईंनी अंथरूण ओलं केलं तर मला हाक मारून सोप्यावर जाऊन बसलात!

पेज टोपात आहे. कोमट करून चमच्यानं भरवा, घाई केलीत तर त्यांना ठसका लागतो. धुतलेल्या चादरी मागच्या दोरीवर आहेत. त्यांना एकटं टाकून जायचंच असेल तर खुशाल जा, आणि तिथं सेवेवर बोला.

आल्यापासून आई तुम्हांला पाव विकणारा पोदेर समजून पाव मागताहेत. तुम्ही ते हसण्यावारी नेलंत. डब्यात उंडो पाव आहे, दुधात भिजवून द्या. पोदेर रोज दारात येतो, म्हणून तो त्यांच्या लक्षात राहिलाय.

सुमंगला