दाराजवळची जागा

कुंभवली, बोईसर
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

ती. काशीबाई मावशींना,
हेमालीचा नमस्कार.

तुम्ही बऱ्या असाल. गुडघ्याला तेल लावता ना? मी विचारलं की तुम्ही "लावते गो" म्हणता आणि मागून तेजल "खोटं!" म्हणून ओरडते. तुम्ही दिलेले बोंबील संपत आले. मी ते भाजायला घेतले की खोलीतल्या मुली आधी नाक दाबतात आणि मग माझ्याआधी ताटं घेऊन बसतात. कंपनीत ठीक चाललं आहे. प्रयोगशाळेत आता औषधांचे नमुने मला एकटीला तपासायला देतात.

तेजल, हे पत्र तूच आईला वाचून दाखवशील. पुढच्या ओळी आधी मनात वाचून घ्यायची तुला सवय आहे. आज तसं करू नकोस. आहे तसं वाच. मध्येच आई बोलायला लागली तर थांब.

फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही पहिल्यांदा "जेवलीस का" विचारता, आणि तिथेच माझं पुढचं सगळं अडतं. माझी आई गेल्यापासून मला हे कोणी रोज विचारलं नव्हतं.

मावशी, नारळी पौर्णिमेला आपण तुमच्या ओट्यावर नारळ खोवत बसलो होतो. तुम्ही विचारलंत, "तुमच्यात मोठा देव कोण गो? लग्नात त्याचा मान आधी ठेवाया लागंल." तुमचा रूपेश दाराशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. मी म्हटलं, "वाघोबा."

तुम्हाला केवढा आनंद झाला! "घे! तुमच्यात वाघ, आमच्यात दर्या. दोघांचं पोट मोठं. दोघांना सांभाळून राह्यचं." आणि खोवलेल्या नारळाची मूठ तुम्ही माझ्या तोंडात भरलीत.

आमच्या घरात वाघोबा होता, पण माझ्या आजोबांपर्यंत. बाबांनी तरुणपणीच येशूवर विश्वास ठेवला. मी जन्मल्यापासून आमच्या घरात त्याचीच प्रार्थना होते. मी ख्रिस्ती आहे, मावशी. कॉलेजात मी हे ताठ मानेने सांगायचे. होस्टेलवर मुली चिडवायच्या, तरी सांगायचे. आणि तुमच्या ओट्यावर, जिथे मला कोणी काही बोललं नसतं, तिथे मी कच खाल्ली. कॉलेजात माझं काही जाणार नव्हतं. तुमच्याकडे गमावण्यासारखं होतं.

रूपेशला सगळं माहीत होतं. लग्नानंतर हळूहळू सांगू, असं तो म्हणायचा. त्याला बोल लावू नका. नाव मी घेतलं.

त्या दिवसापासून मी वाट बघत होते, की आता देव मला शिक्षा करणार. काहीच झालं नाही. उलट मी कंपनीत कायम झाले. तुम्ही माघातली तारीख धरलीत, मला अबोली रंगाची साडी घेतलीत. महिन्यातून एकदा आमच्या मंडळीत, म्हणजे प्रार्थनेला जमणाऱ्या आमच्या माणसांत, प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले एका ताटातून फिरतात. बाप्तिस्मा झालेले लोक ते घेतात. मीही घेत राहिले. फक्त मला प्रार्थना येईनाशी झाली. डोळे मिटले की "वाघोबा" म्हणणारं माझंच तोंड दिसायचं.

दिवाळी झाली आणि तुम्ही आम्हाला कोणालाही न सांगता मनोरची एसटी धरून आमच्या पाड्यावर गेलात. परत आल्यावर तुम्ही फोन केलात तेव्हा मी कंपनीच्या गेटवर होते. "तुझ्या बापासारखा माणूस नाय गो! मी म्हटलं, व्याही, तुमच्या वाघोबाला नारळ द्यायला आलंय. जरा माझ्या नारळाकडं बघितलं. मंग म्हणतो, चला, वाट दावतो. माझी पिशवी घेतली. मी नारळ फोडंपर्यंत उन्हात उभा. म्हटलं, तुमी नाय येत पुढं? तर म्हणतो, तुमी करा, मी हितंच हाय." तुम्ही हसत होता. मीही हसल्यासारखं केलं.

बाबा वाघोबाच्या त्या दगडाकडे माझ्या जन्मापासून कधी गेले नव्हते, मावशी. तुम्ही पुढे काय झालं ते विचारू शकला नसता, कारण तुम्हाला काही माहीतच नव्हतं. मलाही कोणी कळवलं नाही.

लोकांनी त्यांना नारळाची पिशवी घेऊन वाघोबाकडे जाताना पाहिलं. आमचे पाळक पुंजाराम यांनी भर मंडळीत विचारलं, "सुका, तू गेला होता का?" बाबा म्हणाले, "गेलो." "कशापायी?" बाबा काही बोलले नाहीत. आमच्याकडे भोजनाचं ताट फिरवायचं काम बाबांचं. ते त्यांच्याकडून काढून घेतलं आणि त्यांना दाराजवळ बसायला सांगितलं. बाप्तिस्मा न झालेले लोक तिथे बसतात. तिथे ताट जात नाही.

मागच्या रविवारी मी घरी गेले, तर बाबा दाराजवळच्या चटईवर लाडकी आजीशेजारी बसलेले. लाडकी आजीला तंबाखू सुटत नाही म्हणून ती बाप्तिस्मा दर वर्षी पुढे ढकलते. मला बघून ती म्हणाली, "बघ गो, तुझ्या बापानं माझी अर्धी चटई खाल्ली." सगळे हसले. बाबाही हसले.

घरी आल्यावर ते खळ्यावर भात झोडायला लागले. मी विचारलं, "तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"काय सांगू? माझी पोर खोटी हाय?"

"हो."

"ती बाय येवढ्या लांबून आली. घामानं भिजलेली. तिच्या म्होरं तुला खोटी पाडू? तिचं मन चांगलं हाय. तुला जपंल." मग पेंढी उचलत म्हणाले, "तुला सांगायचं तवा तू सांगशील. तवर मला बसाया जागा हाय."

लहानपणी आम्ही पोरं मिळून दुसऱ्याच्या चिंचा पाडायचो. बाबा एकट्या मलाच रागवायचे. मी रडून म्हणायचे, बाकीच्यांना का नाही? ते म्हणायचे, "ती माझी हायेत का?" त्या दिवशी खळ्यावर उभी राहून मला वाटत होतं, यांनी हातातली पेंढी टाकावी आणि मला रागवावं. ते रागावले नाहीत. वारा आला म्हणून सुपानं भात उपणायला लागले.

काल मी मंडळीत उभी राहिले आणि तुमच्या ओट्यावरचं सगळं सांगितलं. पुंजाराम पाळक जागेवरून उठले. मग दाराजवळ गेले, सगळ्यांसमोर बाबांची माफी मागितली आणि त्यांना उजवा हात दिला. कोणाला मंडळीत परत घेताना आमच्यात असा हात देतात. त्यांच्यामागून एकेकाने दिला. मी देणार होते, पण तोवर पाळक माझ्याकडे वळले. "हेमाली, नाताळपर्यंत तू ताटाला हात लावायचा नाय. तुला हाकलत नाय, पोरी. तू आमची हाय म्हणून सांगतो." त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं.

मी दाराजवळ गेले. लाडकी आजीने चटई झटकली. "ये, बस. हितं वारा चांगला येतो."

ताट पुन्हा बाबांच्या हातात आलं. त्यांनी ते सगळ्यांपुढून फिरवलं. शेवटच्या ओळीतून ते मागे वळतील असं मला वाटलं. ते वळले नाहीत. दारापर्यंत आले, माझ्यासमोर थांबले. मला ते देणार नव्हते, आणि चुकवून निघूनही गेले नाहीत. भाकरीचे उरलेले तुकडे मला दिसत होते. हळूच म्हणाले, "नाताळला, बाय." आणि परत गेले.

मावशी, मी खोटी होते त्या सगळ्या महिन्यांत ते भोजन माझ्या हातात येत होतं आणि मला त्याची कसलीही चव नव्हती. काल ते मिळालं नाही आणि मी भुकेल्या लेकरासारखी रडले. रडता रडता माझ्या लक्षात आलं की मी प्रार्थना करते आहे. सुट्टीत मी पाड्यावरच्या मुलांना शिकवायचे की देव बाप आहे, तो आपल्या लेकरांना वळणावर आणतो. पाठ केलेलं शिकवत होते. काल पहिल्यांदा कळलं की वळणावर आणणाऱ्यालाही दुखतं.

आता तुमचं. माझ्या एका शब्दासाठी तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांनी आमचा चढ चढलात. ज्याला आम्ही मानत नाही, त्याच्यापुढे तुम्ही माझ्या सुखासाठी हात जोडलेत. मी तुमच्या भक्तीची फसवणूक केली. मला माफ करा.

तुमच्या देवाला मी कधी कमी लेखणार नाही. पण मी तुमच्या घरी आले तर येशूची म्हणूनच येईन. होडीला हळदकुंकू लावणार नाही. होडी परत येईपर्यंत मात्र तुमच्याबरोबर किनाऱ्यावर उभी राहीन, कितीही उशीर झाला तरी. एवढंच माझ्याकडे देण्यासारखं आहे. ते तुम्हाला पुरणार नसेल, तर तसं सांगा. साडी मी आहे तशी परत पाठवीन. अजून घडी मोडलेली नाही. खोटं कशाला बोलू? एकदा खांद्यावर टाकून आरशात पाहिली होती.

रूपेशबद्दल लिहायचं मी इतका वेळ टाळते आहे. काल संध्याकाळी मी त्याला फोनवर सांगितलं. "आता काय गरज होती?" म्हणाला आणि फोन ठेवला. आज कंपनीत आमची शिफ्ट एकच होती. तो कॅन्टीनला आला नाही. मी दोघांचा चहा घेतला आणि दोन्ही प्यायले. त्याच्यावर मी जबरदस्ती करणार नाही. पण मनातून उतरला असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. मला तो हवा आहे. तुमचा ओटा हवा आहे. तुम्ही "जेवलीस का" विचारायला हव्या आहात. खरं सांगून हे सगळं गेलं तर मला फार लागेल, मावशी. तरी काल उभी राहिले त्याबद्दल वाईट वाटत नाही.

तेजल, एवढं वाचलंस ना? आता आईच्या जवळ बस.

आमच्यात भेटताना आणि निघताना एकमेकांना सलाम म्हणतात. तुमच्या उंबऱ्यावर दर वेळी तो माझ्या तोंडापर्यंत आला आणि मी गिळला. आज लिहिते.

सलाम, मावशी.

सुकाची मुलगी,
हेमाली