अनुशमावशींच्या आजीचा भाऊ

२४ एप्रिल, सांता क्लारा

आज हाफ डे टाकून शेजारच्या अनुशमावशींना त्यांच्या आर्मेनियन चर्चमध्ये नेलं. ऑटोमन तुर्कांच्या राज्यात १९१५ पासून मारल्या गेलेल्या त्यांच्या लोकांचा आज स्मरणदिन. मावशींच्या आजीला लहानपणी घरच्यांसोबत सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकललं होतं. वाचली ती एकटीच.

चर्चमध्ये प्रत्येकजण आपल्या माणसांची नावं घेत होता. मावशी मध्येच थांबल्या. परतताना गाडीत म्हणाल्या, "आजीचा तान्हा भाऊही होता. घरात त्याला आमच्या भाषेत बेबीच म्हणायचे. त्याचं खरं नाव आजीला कधी आठवलंच नाही."

तान्हा, आणि नावही राहिलं नाही. सिग्नलला थांबले तेव्हा म्हणाले, "मराठीत बेबीला बाळ म्हणतात. आमच्याकडे ते नावही असतं. माझे काका पंचाहत्तरीचे आहेत, तरी बाळकाकाच."

बोलले आणि जीभ चावली. असल्या दिवशी हे काय सांगत बसले मी?

पण मावशी हसल्या. "एवढे म्हातारे होऊनही बाळ?" मग रस्ताभर उच्चार घोटत राहिल्या. ळ काही जमेना.

घरी आल्यावर द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात आग्रहानं खायला घातला. छान होता. निघताना बघते तर मावशी आजीच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून पुन्हा नावं घेत होत्या. बाकीची मला समजली नाहीत. शेवटचं तेवढं कळलं.

आज फार बरं वाटतंय.