महाराणी रुसली आहे

३ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात. शाळा आठवीत सुटली, पण अक्षर चांगलं आहे. मास्तर म्हणायचेच, तुझं एवढं एकच चांगलं आहे.

पहिली नोंद: पार्कातली वाघीण माझ्यावर जीव टाकते. बाहेर बोर्डावर तिचं नाव महाराणी. सकाळी मी काच पुसायला घेतली की झाडीतून निघते ती थेट माझ्यासमोर, काचेलगतच्या चपट्या दगडावर येऊन पसरते. रोज. कीपर तिला मांस घालतो, त्याच्यासाठी जागची हलत नाही. याला वट म्हणतात.

डबाही तिथंच खातो, काचेला पाठ लावून. मध्ये काच, नाहीतर पाठीला पाठ. बाहेर थंडीने हाडं गोठतात, खोलीवर दोन ब्लँकेटं पुरत नाहीत, पण तिच्याजवळ बसलं की अंगात ऊब येते. माया म्हणजे दुसरं काय.

५ जानेवारी
ताईचा फोन. माझ्यासाठी स्थळ आणलंय. मुलगी नर्सिंग शिकते. ताईने तिकडे सांगून टाकलंय, आमचा भाऊ वाघ सांभाळतो. मी ताईशी खोटं बोललो नव्हतो. बोलता बोलता काचेचं तेवढं राहून गेलं होतं.

दुपारी मुलीशी बोललो, महाराणीसमोरच. मुलीचा आवाज गोड, जीभ तिखट. विचारते, वाघ सांभाळता की वाघाचा फोटो? मी म्हटलं, माझी शीळ ऐकली की धावत येते. तर म्हणे, मग एकोणीसच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर दाखवा, बाबांनाही बघू दे. बाबांचं मत असं, की लांब कामाला गेलेला मुलगा वाटेल ते ठोकून देतो.

बघतीलच.

६ जानेवारी
फोनची बॅटरी कामातून गेली आहे. ऐन बोलण्यात मान टाकते. ठराव: रविवारपर्यंत फोन कायम फुल ठेवायचा. काचेखालच्या कपाटात एक सॉकेट सापडलं. त्यात कसलासा पिवळा प्लग धूळ खात होता. उपटला, चार्जर लावला. डोकं चालवलं की मार्ग निघतो.

८ जानेवारी
महाराणी आली नाही. मागे गवताच्या ढिगात पडून. शीळ घातली. नुसता कान हलवला. म्हणजे ऐकू आलं होतं!

रात्रभर विचार केला. त्या दिवशी मी तिच्यासमोर मुलीशी हसून बोललो. बायकांना न सांगता कळतं.

९ जानेवारी
ठराव: तिच्यासमोर फोन हातात धरायचा नाही. दिवसभर कपाटातच ठेवायचा, चार्जिंगला.

डबा तिथंच खाल्ला. पाठ गारठली. ती नसली की हे असं.

१२ जानेवारी
मुकादम तापला. लोक म्हणे तिकीट काढून गवत बघून जातायत. मोठे साहेब रविवारी बघायला येणार. वाघीण दिसली नाही तर तिला दुसऱ्या पार्कात धाडणार, इथं माकडं आणणार. माकडांना जाळी असते, काच नसते. तेव्हा तू तुझं बघून ठेव, म्हणाला.

मी म्हटलं, काळजी सोडा, आमच्या दोघांतलं आहे, मिटवतो. तो माझ्याकडे बघतच राहिला. आदर वाटला असावा.

१४ जानेवारी
माझा वास तिला मिळावा म्हणून अंगातला शर्ट काढून काचेवर घासला. शाळेची सहल आली होती. बाईंनी मुलांना डोळे मिटायला सांगितले. मुकादमाने सगळी काच परत पुसून घेतली.

१५ जानेवारी
गाऊन पाहिलं. महाराणी उठली आणि आणखी लांब गेली. एका आजोबांनी माझ्या हातात केळं ठेवलं.

१७ जानेवारी
गुडघ्यांवर बसून माफी मागितली. म्हटलं, तू सांगशील तर त्या मुलीला नाही म्हणतो. पण ये बाई. तू गेलीस तर मला कोण आहे इथं? खोलीवर गेलो की भिंती. ताई फोनवर घाईत. दिवसभर लोक काचेतून बघतात, माझ्या आरपार बघतात. तू एक समोर येऊन बसायचीस.

रडू आलं. हे लिहिणार नव्हतो.

कीपर मागे उभा होता. म्हणाला, अरे गारठलीय ती, म्हातारी झाली, सांधे धरतात तिचे. वायरमनला बोलावलंय, रविवारी येतो म्हणाला. मी मनात म्हटलं, आजारी जनावराला डॉक्टर बोलावतात, हा वायरमन बोलावतोय! यांना जनावर कळतच नाही.

१९ जानेवारी, रविवार
आधीच लिहून ठेवतो: आज येणार. आतून वाटतंय.

१९ जानेवारी, संध्याकाळ
फोन फुल होता. कपाटातून काढला, कॉल लावला. पलीकडे मुलगी, तिचे बाबा, ताई. अलीकडे साहेब, मुकादम, कीपर. मुलगी म्हणाली, मध्येच बंद नाही ना पडणार? मी छाती काढून म्हटलं, रोज इथंच वाघिणीशेजारी चार्ज करतो.

शीळ घातली. परत घातली. ओठ सुकले. बाबा म्हणाले, गवत मात्र छान राखलंय.

तेवढ्यात कपाटात डोकं घातलेला वायरमन ओरडला. दगडाच्या हीटरचा प्लग उपटून इथं चार्जर कुठल्या शहाण्याने लावला? दगड बर्फ झालाय, वाघीण काय मरायला येईल त्यावर?

मुकादमाने विचारलं, चार्जर कुणाचा? मी फडकं घेऊन काच पुसायला लागलो.

फोनमधून मुलगी बोलली. यांचाच असेल, आत्ताच सांगत होते.

बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग कॉल बंद झाला. बॅटरी शाबूत होती.

पिवळा प्लग लागला. दगड तापला तशी महाराणी झाडीतून निघाली, थेट येऊन पसरली. साहेब खूश. ती इथंच राहणार. मला काचेवरून काढून पार्किंगच्या ड्युटीला लावलं.

२० जानेवारी
ताईचा मेसेज: त्यांचा नकार आला.

जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन काचेकडे गेलो. महाराणी दगडावर झोपली होती, तोंड तिकडे करून. शीळ घातली नाही. काचेला पाठ लावून बसलो. तीच ऊब.

म्हणजे मीसुद्धा इतके दिवस दगडासाठीच येत होतो.

नवा काचवाला आला. म्हणाला, दादा, उठा, पाठीचा डाग पडतो.

उठलो.