शिंगाड्याचे वेल

रविवार, १२ मे १९७४. जरीपटका, नागपूर.

आज फावड्याच्या दांड्यानं मुकादमाचं तोंड फोडलं.

पंधरा दिवसांपासून मजुरीवर इथला तलाव बुजवून राहिलो. मधल्या डबक्यापाशी मुकादम म्हणे, "टाक गा मुरूम, शेवाळ आहे नुसतं." शेवाळ नव्हतं. शिंगाड्याचे वेल होते, पावसाळ्यात तलावभर लावाले राखलेले. मले माहीत होतं, तरी एक घमेलं ओतलंच. काहून ओतलं?

तलावावर पोट भरणाऱ्या ढिवरांची, मासेमाऱ्यांची, म्हातारी धावत आली. "आंधळा झाला का रे? पाच घरं जेवतात यावर!" मुकादमानं तिले चिखलात ढकललं अन् हसला. मग मले काही दिसलंच नाही. दोन दात पडले त्याचे. सारेच पाडाचे होते. त्याले दवाखान्यात नेलं, माझं काम गेलं.

आमच्या गावचा तलाव असाच बुजवला, म्हणून तर घर सोडून इथं आलो. माय तिथं हेच वेल राखे. अन् मी ते घमेलं ओतलं.

म्हातारी उठली तशी म्हणाली, "दात पाडून काय होते? तू टाकलेला मुरूम काढ आधी." दोघांनी हातानं काढला. अर्धे वेल जगतील म्हणे.

उद्या ठेकेदार दुसरे मजूर आणेल. येऊ दे. मी डबक्यातच उभा राहतो. टाका म्हणा माझ्या अंगावर.