टोपलीचं ओझं

वेणू,

चुलीपाशी पेज झाकून ठेवलीय. मीठ जरा जास्त घातलंय, सगळी पी. रात्रभर डोळ्यांतनं पाणी गेलं, नाक चोंदलं, त्यात कपाळ नि दात आवळून रडलीस, मग डोकं ठणकणारच. भिजलेल्या दोरीची गाठ कशी आवळते, तुला काय सांगायचं? जबडा सैल सोड, कपाळावर ओली पट्टी ठेव.

सोनूआत्या दृष्ट काढायला येईल. काढू दे, तिचं समाधान. पण तुला कुणाची दृष्टबिष्ट लागलेली नाही. काल मुलाकडचे मास्तरणीची नोकरी सोडली तरच सून करून घेऊ म्हणाले, आणि तू सगळ्यांदेखत त्यांना नाही म्हणालीस. आपल्या आळीत आजवर कुठल्या पोरीची ही छाती झालीय?

तलासरीच्या शाळेतल्या नेमणुकीचा हुकूम देवाच्या फोटोमागे आहे. सोमवारी हजर होताना माझं हिरवं पातळ नेस.

मी बाजारात निघाले. आज मुद्दाम त्यांच्याच दारावरून जाणार, मोठ्यानं बोंबील-पापलेट ओरडत.

डोकं माझंही ठणकतंय. कुणी विचारलं तर टोपलीचं ओझं म्हणेन.

आई